शिकले एक, झाले भलतंच

नागपूरच्या मेडिकल चौकाला ज्या कॉलेजामुळे नाव पडलं, ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चं. तिथून डॉक्टर होऊन निघालेल्या काही जणांचे पुढचे पत्ते बघा. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ मध्ये भामरागड भागातल्या हेमलकशाला गेले, जिथं वीज नव्हती आणि पावसाळ्यात रस्ताही नसायचा. अभय आणि राणी बंग गडचिरोलीच्या खेड्यांत गेले. रवींद्र कोल्हे मेळघाटातल्या बैरागडला जाऊन बसले आणि औषधांबरोबर शेतीचाही अभ्यास करू लागले. श्रीकांत जिचकारांची तर तऱ्हाच वेगळी. एमडी झाले, मग आयपीएस, मग आयएएस, तीही नोकरी सोडली आणि १९८० मध्ये ऐन पंचविशीत आमदार झाले. कॉलेज एक, विषय तेच, वॉर्डातले राउंडही तेच. बरोबर शिकलेले बाकीचे बरेच जण धंतोली-रामदासपेठेत पाटी लावून बसले आणि त्यातही काही वावगं नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे दहावी-बारावीचे निकाल. ते लागले की लग्नाच्या पंगतीपासून फुटाळ्याच्या काठापर्यंत एकच विचारणा सुरू होते: "पोट्ट्यानं काय घेतलं?" उत्तरही ठरलेलं असतं: "सायन्स घेऊन ठेवलं, पुढचं पुढं पाहू." विषय म्हणजे रेल्वेचं तिकीट, ज्या गावाचं काढलं तिथंच उतरायचं, अशी आपली समजूत असते. म्हणून तिकीट काढताना घरात रडारड होते. आणि दहा वर्षांनी भलत्याच गावी उतरलेला माणूस "आपलं शिक्षण वाया गेलं" म्हणत राहतो.

हा लेख त्या पालकांसाठी आणि पोरांसाठी आहे. ज्यांच्या पदवीचा रोजच्या कामाशी संबंध उरलेला नाही, अशा तिशी-चाळिशीतल्या लोकांसाठीही आहे. वळण कुणालाही घेता येतं. पण ज्यांचं वळण साधलं ती माणसं त्या वळणावर पुन्हा विद्यार्थी झाली होती. तेव्हा विषय निवडताना "यातून नोकरी कोणती लागेल?" एवढंच विचारून भागत नाही. "उद्या पुन्हा शिकायचं म्हटलं, तर कोणती दारं आज बंद करून ठेवतोय?" हेही विचारावं लागतं.

वळणावरची शाळा

हिंगणघाटच्या सधन घरातले मुरलीधर देवीदास आमटे नागपुरात शिकले आणि एलएल.बी. झाले. वरोऱ्यात त्यांची वकिली चालत होती, नगरपालिकेत ते उपाध्यक्ष होते. पुढं रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना दिसला, ते घाबरून दूर गेले, मग त्या भीतीचीच लाज वाटून परत आले, ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. आपण ती करुणेची गोष्ट म्हणून सांगतो आणि तिथंच थांबतो. मार्गदर्शनाच्या दृष्टीनं महत्त्वाचं घडलं ते त्यानंतर. हा वकील कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेला आणि कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम रीतसर शिकून आला. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती उभी राहिली आणि तिच्यातून आनंदवन. संस्थेची नोंदणी, सरकारकडून जमीन, अर्ज, करार ही कामं वकिली केलेल्या माणसाला परकी नव्हती. जुनं शिक्षण टाकून दिलं नव्हतं, ते नव्या कामाला लागलं होतं.

बंग दांपत्याचंही तसंच. दोघं नागपुरातून एमडी झालेले. पण समोर आलेल्या रोग्याला तपासणं वेगळं आणि अख्ख्या गावातल्या आजाराची मोजदाद करणं वेगळं. ही दुसरी विद्या एमडीत शिकवत नाहीत. ती शिकायला ते अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले, सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि परत येऊन गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केलं. ग्रामीण बायकांच्या आजारांवरचा त्यांचा निबंध १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणता येतात, हे दाखवणारा १९९९ मध्ये आला. परतीचं तिकीट काढूनच शिकायला गेलेली माणसं दुर्मीळ असतात. जायच्या आधीच त्यांना आपला प्रश्न ठाऊक होता.

आता जरा हलक्या रंगाचं उदाहरण. राजकुमार हिरानी नागपूरचे. वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती, पोरानं सीए व्हावं असं घरी वाटत होतं. पोरगा कॉमर्स शिकला खरा, पण जीव नाटकात. घरच्यांनी शेवटी त्याला मोकळं केलं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनयाचा अभ्यासक्रम तेव्हा बंद होता आणि दिग्दर्शनाला गर्दी होती, म्हणून त्यांनी संकलनाला अर्ज केला. मधली पुष्कळ वर्षं जाहिराती आणि प्रोमो कापण्यात गेली, एका फेव्हिकॉलच्या जाहिरातीत तर ते स्वतःच दिसले. २००० च्या ‘मिशन कश्मीर’चं संकलन त्यांचं आणि ‘मुन्नाभाई’ आला तो २००३ मध्ये. पुढं २००९ मध्ये ‘थ्री इडियट्स’ पाहून घराघरातली पोरं "मला इंजिनीअरिंग सोडायचंय" म्हणू लागली. त्यांनी दिग्दर्शकाचा हा हिशोब कधी मांडला नसावा. सिनेमातला फरहान ज्या झटक्यात मोकळा होतो, तसा त्याचा कर्ता झालेला नव्हता. त्यानं आधी बी.कॉम. पुरं केलं, मग एक कारागिरी शिकली आणि ती कारागिरी अनेक वर्षं पोटासाठी वापरली.

विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. त्यांनी नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून (आजचं व्हीएनआयटी) १९६५ मध्ये बी.ई. केलं. तेव्हा तिथं कॉम्प्युटरची शाखाच नव्हती. बडोद्याला एम.ई., दिल्ली आयआयटीत पीएच.डी. आणि १९९१ मध्ये ‘परम’ महासंगणक. ज्या कामानं नाव झालं, ते काम पदवीच्या वेळी अभ्यासक्रमात नव्हतं. "कोणत्या ब्रँचला पुढं स्कोप?" असं विचारणाऱ्या प्रत्येक बापानं हे ध्यानात ठेवावं. कोणत्या शाखेला वीस वर्षांनी भाव असेल, हे कोचिंगवाल्याला ठाऊक नसतं, कॉलेजवाल्याला नसतं आणि हे लिहिणाऱ्यालाही नसतं. गणित आणि भौतिकशास्त्राचा पाया घट्ट असला, तर नव्या शाखेत शिरता येतं, एवढंच सांगता येईल.

सगळ्यांनाच असं लांबचं वळण लागतं असं नाही. महेश एलकुंचवार इंग्रजी शिकवत राहिले, ग्रेस मराठी. पगार शिकवण्याचा, नाव लिहिण्याचं. लिहिणाऱ्या किंवा गाणाऱ्या पोराला हा मार्ग आजही बरा आहे. कलेच्या शेजारची नोकरी धरायची आणि कलेला घरखर्चाच्या ओझ्यातून सोडवायचं. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी तर आपलाच विषय कॉलेजच्या कुंपणाबाहेर नेला आणि २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलला लावलं. त्यावर पुढं ‘झुंड’ निघाला. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर नागपुरातच कृषी पदवीधर झाले आणि जे शिकले त्याच्या बरोबर उलटं सांगू लागले. त्यांच्या नैसर्गिक शेतीवर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. तरी पुस्तकातल्या शेतीशी भांडायला आधी ते पुस्तक वाचलेलं असावं लागतं.

वकिलीचं तर विचारूच नका. वंदे मातरम् प्रकरणात उस्मानिया विद्यापीठातून बाहेर पडावं लागलेले पी. व्ही. नरसिंह राव नागपुरात कायदा शिकले. ते पंतप्रधान झाले आणि ह. ना. आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेणारे अनुवादकही. नितीन गडकरी एम.कॉम. आणि एलएल.बी., देवेंद्र फडणवीसही कायद्याचे पदवीधर. ज्यांनी खरोखर कोर्टातच आयुष्य काढलं, त्या भूषण गवईंनी सरन्यायाधीश झाल्यावर २०२५ मध्ये नागपूरच्या सत्कारात सांगितलं, की आपल्याला आर्किटेक्ट व्हायचं होतं, वकिली वडिलांच्या मनात होती. म्हणजे बापाचं ऐकणंही दरवेळी चुकतंच असं नाही.

इथं एक सावधगिरी. मी वर घेतलेली सगळी नावं वळण साधलेल्यांची आहेत. वळणावर घसरलेल्यांवर कुणी सिनेमा काढत नाही. २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून आलेल्या दिव्या देशमुखकडे बोट दाखवून पोरीला शाळेतून काढू नका. आईबाप दोघं डॉक्टर असलेलं घर आणि लहानपणापासूनचं प्रशिक्षण तिच्या पाठीशी होतं. खापरखेड्याच्या उमेश यादवला आधी लष्करात, पोलिसात भरती व्हायचं होतं. ते जमलं नाही म्हणून तो टेनिस बॉलवरून लेदर बॉलवर आला आणि विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. कोळसा खाणीत राबणाऱ्या बापाच्या घरात त्यानं जी जोखीम घेतली, तिच्यात गमावायला फारसं नव्हतं. तुमच्या घरची जोखीम तुम्हीच मोजायची आहे.

गणित सोडण्याआधी

आता कामाचं बोलू. अकरावीच्या अर्जात "ग्रुप" लिहिताना सगळ्यात महाग पडणारा निर्णय म्हणजे गणित सोडणं. पोराला डॉक्टर व्हायचंय म्हणून पीसीबी घ्यायचं आणि गणिताच्या तासातून सुटका करून घ्यायची, हे नागपुरात सर्रास चालतं. नीट निघाली तर प्रश्नच नाही. नाही निघाली तर काय काय हातचं गेलं, ते तेव्हा कळतं. अभियांत्रिकी गेलं. आर्किटेक्चर गेलं. एनडीएत हवाई दल आणि नौदलाला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं, तेही गेलं. लष्कराच्या शाखेला मात्र कोणत्याही शाखेची बारावी चालते. मर्चंट नेव्ही गेली. संख्याशास्त्र, डेटा वगैरे आज ज्याचा बोलबाला आहे, तिकडचे चांगले अभ्यासक्रमही बहुधा गेले. राहिलं काय? नर्सिंग, फार्मसी, कृषी, बी.एस्सी. यांतलं एकही कमी प्रतीचं नाही, पण पोरानं ते विचारपूर्वक निवडलेलं असावं, उरलं म्हणून पदरात पडलेलं नको.

उलटही खरं आहे. इंजिनीअरिंगसाठी जीवशास्त्र सोडून बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर घेतलं, की वैद्यकाकडचं दार लागतं. हे दार नंतर किलकिलं करता येतं. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२३ मध्ये बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून देणाऱ्यांना वाट मोकळी केली. तरी त्या वाटेवर एक वर्ष जादा जातं. ज्याचं अजून काहीच ठरलेलं नाही आणि ज्याला अभ्यास झेपतो, त्यानं पीसीएमबी घ्यावं. झेपत नसेल तर गणित आणि जीवशास्त्र यांपैकी कोणतं धरायचं, हा प्रश्न आपल्या कोचिंगला नाही, पोराच्या नववी-दहावीच्या वह्यांना विचारा. ज्या विषयाची गणितं किंवा आकृत्या त्यानं कुणी न सांगता जादा सोडवल्यात, तो विषय.

कॉमर्सवाल्यांत हेच संकट "गणित की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस)?" या रूपात येतं. एसपी सोपं, टक्के वाढतात, म्हणून झाडून सगळे तिकडं. पण अर्थशास्त्राच्या चांगल्या अभ्यासक्रमांना, संख्याशास्त्राला बारावीचं गणित लागतं. सीएला मात्र ते नाव घेऊन कुणी मागत नाही, फाउंडेशन कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर देता येते. ज्यांना आधी पदवी घ्यायची, त्यांना कॉमर्समध्ये ५५ टक्के किंवा इतर शाखांत ६० टक्के असले तर फाउंडेशन न देता पुढं जाता येतं. म्हणजे आर्ट्समधून सीए होणं नियमात बसतं, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

आर्ट्सबद्दल नागपुरात अजूनही नाकं मुरडली जातात. खरं तर या शाखेतून निघालेल्या पोराला मागं फिरण्याचे जेवढे रस्ते मोकळे आहेत, तेवढे कमी शाखांत आहेत. कायदा बारावीनंतर पाच वर्षांत किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांत करता येतो. यूपीएससी आणि राज्यसेवेला कोणतीही पदवी चालते, आणि २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यामुळे लिहिता येणाऱ्याचं पारडं जड झालंय. बी.एड., पत्रकारिता, समाजकार्य, डिझाइन हे सगळं मोकळं आहे. फक्त आर्ट्स "टक्के कमी म्हणून" घेतलेलं नसावं. मग ते कुठंच नेत नाही.

दहावीनंतर आयटीआयला गेलेला पोरगा संपला, ही समजूतही काढून टाका. दोन वर्षांचं आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात जागा असते आणि डिप्लोमावाल्याला इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात. वेळ एखाद वर्ष जास्त जातो, पण हातात कसब असतं आणि फीही कमी पडते. ज्याचे हात चालतात आणि ज्याला पुस्तकावर बसवलं की झोप येते, अशा पोराला दोन वर्षं जेईईच्या कोचिंगमध्ये कोंबून ठेवणं मला क्रूर वाटतं.

गावातलीच माणसं विचारा

नागपूरकरांकडे एक फायदा आहे, त्याचा उपयोग फार कमी घरं करतात. देशपातळीवरची कितीतरी कार्यालयं याच शहरात आहेत. वर्धा रोडवर पर्यावरण संशोधन करणारी नीरी आहे, १९५८ पासूनची. कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संस्था, मृदा सर्वेक्षणाचं मुख्य केंद्र, भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय, स्फोटक आणि पेट्रोलियम सुरक्षा पाहणारं पेसो, इस्रोचं सुदूर संवेदन केंद्र, वेकोलि, मॉइल. छिंदवाडा रोडवरच्या प्रत्यक्ष कर अकादमीत आयकर खात्यातले नवे अधिकारी शिकतात आणि त्यात इंजिनीअरही असतात, डॉक्टरही, इतिहासवालेही. १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय इथं आहे. फायर इंजिनीअरिंगची पदवी देणारं हे देशातलं नावाजलेलं कॉलेज आपल्या गावात असून नागपूरचा बारावीवाला इंजिनीअरिंगच्या शाखा मोजताना त्याचं नाव घेत नाही.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्याला "शिकवण्याशिवाय काय करशील?" म्हणून हिणवलं जातं. भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूशास्त्रज्ञांबरोबर रसायनतज्ज्ञही लागतात आणि दोघांसाठी यूपीएससीची वेगळी परीक्षा असते. नीरीसारख्या ठिकाणी प्रकल्पांवर तात्पुरत्या जागा निघतात. पगार बेताचा, मुदत ठरलेली, पण प्रयोगशाळेतलं काम आपल्याला मानवतं का, हे वर्षभरात कळतं. पीएच.डी.ची पाच वर्षं घालवून ते कळण्यापेक्षा स्वस्त.

तेव्हा सुट्टीत पोराला घेऊन अशा दोन-तीन ठिकाणी काम करणारा माणूस गाठा. ओळख काढा, नागपुरात ती निघतेच. चहा-पोह्यावर बसून त्याला पगार विचारायच्या आधी विचारा: "तुम्ही काय शिकलात? त्यातलं आज काय वापरता? आणि जे वापरता ते कुठं शिकलात?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळे देतात. खरी माहिती तिसऱ्यात असते. "अहो, हे सगळं नोकरीला लागल्यावर सहा महिन्यांत शिकलो" असं उत्तर आलं, तर तिथं पदवी निव्वळ प्रवेशपत्र आहे असं समजा आणि ते स्वस्तात मिळेल तिथून घ्या. "ते एम.टेक.मध्येच शिकलो, त्याशिवाय इथं पाय ठेवता येत नाही" असं आलं, तर चांगल्या संस्थेसाठी जीव टाकणं योग्य.

मधेच सोडायचं, रिपीट करायचं

दुसऱ्या वर्षाला असलेला पोरगा घरी येऊन "मला हे जमत नाही" म्हणतो, तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. विषय जमत नाही की कॉलेज जमत नाही? होस्टेल, इंग्रजी, रॅगिंग, घरची आठवण, एखादा बॅकलॉग यांना पोरं "विषय आवडत नाही" असं नाव देतात. विषयच नको असेल आणि एकच वर्ष झालं असेल, तर सोडायला हरकत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोनांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं आणि मिळवलेले क्रेडिट ॲकॅडमिक बँकेत जमा राहतात. तिसरं वर्ष लागलं असेल, तर मात्र माझं मत जुन्या वळणाचं आहे: पुरं करा. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट असो, यूपीएससी असो की तीन वर्षांचा कायदा, दारावर "पदवी" मागतात, "कोणत्या विषयात" हे नंतर.

रिपीटचं आणखी नाजूक. जेईई ॲडव्हान्स्डला दोनच संधी, त्याही लागोपाठच्या वर्षांत, त्यामुळे तिथं निर्णय नियमच घेतो. नीटला संधींची मर्यादा नाही आणि म्हणूनच घरं बुडतात. वर्ष सुरू होण्याआधी, जूनमध्येच, कागदावर लिहा की किती गुणांखाली आलं तर पुन्हा बसायचं नाही. निकालानंतर ठरवायला गेलात, तर "पंचवीस मार्कांनीच गेलं" हे वाक्य तुम्हाला आणखी एक वर्ष खाऊन टाकील. रिपीटच्या वर्षी बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन ठेवावा. आणि शहरात कोचिंग, कुठल्याशा तालुक्याच्या कॉलेजात नावापुरता प्रवेश, ही "डमी" पद्धत टाळा. दोन वर्षं प्रयोगशाळा न पाहिलेला पोरगा नीट चुकल्यावर बी.एस्सी.त गेला, की पहिल्याच प्रॅक्टिकलला त्याचे हात थरथरतात.

पैशाचं एकच सांगतो. पहिल्याच डावात प्लॉट विकू नका. वळण आलंच, तर त्या वेळच्या शिक्षणालाही पैसे लागतात आणि तेव्हा घरातले कमावते थकलेले असतात. सरकारी सवलती आधी तपासा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी शुल्क पूर्ण माफ आहे. महाज्योतीचं मुख्य कार्यालय नागपुरातच आहे आणि ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांना नीट-जेईईचं मोफत प्रशिक्षण तिच्याकडून मिळतं. लाखभर रुपये कोचिंगला भरून मग हे कळलेली घरं कमी नाहीत.

तिशी-चाळिशीतल्यांसाठी

पंचवीस वर्षांपूर्वी मेकॅनिकल केलं आणि आज बँकेत आहात, किंवा बी.एस्सी. होऊन दुकान सांभाळताय, तर आधी शिक्षण वाया गेल्याचं रडगाणं थांबवा. नरसिंह राव साठी ओलांडल्यावर कॉम्प्युटर शिकले, तेही प्रोग्रॅमिंगपर्यंत. पंतप्रधानपद तर अजून पुढं होतं. वळायचंच असेल, तर आधी नोकरीत राहून पुढच्या कामाचा एक छोटा तुकडा करून बघा. वकिली करायची म्हणता, तर ओळखीच्या वकिलाकडे शनिवारी बसा. शेतीत जायचं म्हणता, तर एक हंगाम दुसऱ्याच्या रानात काढा. महिनाभरात कंटाळा आला, तर फक्त महिना गेला.

तिथं मन टिकलं, तर शिक्षणाची सोय पाहा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, इग्नूचं प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे आणि २०२२ पासून यूजीसीनं दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे. मात्र एलएल.बी. आणि इंजिनीअरिंगची पदवी दूरस्थ पद्धतीनं मान्य होत नाही. कुणी "घरबसल्या एलएल.बी." देतो म्हणाला, तर पैसे देऊ नका. कायद्याच्या सीईटीला वरच्या वयाची अट नाही, पण हजेरी लागते, त्यामुळे नोकरी आणि कॉलेज यांचं वेळापत्रक आधी जुळवा. सीएच्या आर्टिकलशिपची मुदत आता दोन वर्षं आहे आणि स्टायपेंड तुटपुंजा असतो, तेवढा घरखर्च आधीच बाजूला काढून ठेवा.

आणि कागद. कित्येक वर्षांनी कॉलेजात परत जाणाऱ्याला अभ्यासाआधी कागद छळतात. जुन्या कॉलेजची टीसी, मूळ गुणपत्रिका, दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर मायग्रेशन, मधल्या वर्षांसाठी गॅप सर्टिफिकेटचं शपथपत्र, आरक्षणातून जायचं तर जात पडताळणी आणि त्या वर्षाचं नॉन-क्रिमीलेअर. पडताळणीला कधी कधी महिने लागतात. सीईटीचे अर्ज हिवाळ्यातच सुरू होतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीतच फाइल उघडून बसा. माहितीपत्रिका त्याच वर्षाची वाचा, कारण पात्रतेची एखादी ओळ दर वर्षी बदलते आणि शेजारच्यानं सांगितलेली असते ती मागल्या वर्षीची.